वसंतात टेकडीवर जाताय? मग या चुका टाळा

होळी जवळ आली की पुण्यातल्या आमच्या वेताळ टेकडीवर गर्दी वाढते. गिरिपुष्पाची झाडं गुलाबी होतात, पळस पेटतो आणि जानेवारीत पांघरुणातून हात बाहेर न काढणारी मंडळी करकरीत बूट घालून अवतरतात. पाडव्यापर्यंत निम्मी गायब. कुणाचा गुडघा, कुणाची पोटरी, कुणाला ऊन लागलेलं. अठरा वर्षं टेकडी करतोय, चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यांच्या बुडाशी एकच घाई: वर्षभराचं आरोग्य एका रविवारात उरकायचं.

पहिल्याच रविवारी सिंहगड

यातले आमच्या घरचेच वीर म्हणजे माझा मेहुणा. वय अठ्ठेचाळीस, काम खुर्चीतलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी थेट सिंहगड काढला. म्हटलं, आधी दहा-बारा दिवस टेकडी कर. तर म्हणे, "भावजी, कॉलेजात असताना पळत चढायचो मी!" त्या कॉलेजला पंचवीस वर्षं झाली होती.

आधी मिसळ झालीच पाहिजे, म्हणून आतकरवाडीतून पायवाटेला लागायलाच साडेनऊ वाजले. त्याच्याकडे पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची. चढताना धापा टाकत का होईना, पोचला. वर भजी, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही असं सगळं यथासांग झालं आणि साडेबाराच्या उन्हात आम्ही उतरायला लागलो. निम्म्या वाटेवर त्याचं बोलणं थांबलं. हा माणूस झोपेतही बोलतो, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. चेहरा पांढराफटक, पोटरीत गोळा, मळमळ. वाटेवरच्या एका ताक-सरबतवाल्या मावशींच्या गोणपाटाच्या सावलीत त्याला आडवा केला, पाय दगडावर टेकवले. मावशींनी न विचारता मानेवर ओला फडका ठेवला आणि जरा सावरल्यावर मीठ घातलेलं ताक घोट घोट पाजलं. पाऊण तासाने गडी "आता बरंय" म्हणाला.

याचं कारण साधं आहे. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जायला लागतं. मार्चमध्ये पहाटे स्वेटर लागतो, म्हणून आपण थंडीच्या हिशेबाने निघतो आणि दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे. अंग अजून तयार नसतं, त्यामुळे मेमध्ये एवढंच ऊन सोसणारा माणूस मार्चमध्ये आडवा होतो. आमचं ताकावर भागलं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. तोंडात पाणी ओतू नका. सावलीत घ्या, अंगावर भरपूर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

माझा नेम असा: उजाडताना वर, आठला खाली. माणशी एक लिटर पाणी, त्यात मीठ-साखर-लिंबू. रंगीत पाकिटातली पेयं मी घेत नाही. घरी कैरीचं पन्हं असताना कशाला घ्यायची?

बाकीच्या, थोडक्यात

नवे बूट थेट टेकडीवर नकोत. चार दिवस भाजी आणायला घालून जा.

उतारावर पळू नका. गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त बोलतात.

अत्तर, सेंट मारून गडावर जाऊ नका, कड्याखाली सिगारेट तर नाहीच नाही. आग्या मोहोळ उठलं की चेहरा झाकून पळत सुटायचं. हात झटकत उभे राहिलात तर आणखी डसतात. खांद्यावर एक सुती पंचा असू द्या, घाम पुसायलाही होतो.

फोनवर गाणी मोठ्याने लावू नका. मोर ओरडतोय, तो ऐका.

मुलांना "उन्हात काळा पडशील" म्हणून घरात कोंडू नका. रोज बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा लागण्याची शक्यता कमी असते. तैवानमध्ये तर शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीमच २०१० पासून आहे.

"कोवळं ऊन घेतो, तरी डी कमीच!"

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आमच्या बाकावर एक काका बसायचे. पावणेसातला हजर, अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, कानटोपी, पायात मोजे. रिपोर्टमध्ये ड जीवनसत्त्व ११, म्हणजे बरंच कमी आलं, तेव्हा लॅबवर चिडले.

लॅबचा काही दोष नव्हता. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते अतिनील किरणांतल्या 'बी' पट्ट्यामुळे. सूर्य खाली असताना हे किरण हवेच्या जाड थरातच अडतात. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते पुरेसे पोचायला लागतात. मार्चअखेर पुण्यात ही वेळ येते सकाळी दहाच्या सुमारास. तेव्हा हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. सावळ्या त्वचेला थोडं जास्त लागतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी निरुपयोगी.

मग पहाटेची फेरी फुकट का? मुळीच नाही. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री वेळेवर झोप लागते. चालण्याने साखर आणि रक्तदाब ताळ्यावर राहायला मदत होते, मन हलकं होतं. पण ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या वेळांची. दोन्ही एका फेरीत साधायला म्हणून दहा वाजता टेकडी चढणारे लोक पाहिले की मला सिंहगडावरचं ते गोणपाट आठवतं. आणि डी फारच कमी असेल तर डॉक्टरांची गोळी घ्या, त्यात कमीपणा नाही.

काकांनी गोळ्याही घेतल्या आणि वेळही बदलली. आता सातला टेकडी आणि दहाला अर्ध्या चड्डीत गच्ची. तिथे काकूंच्या कुरडया वाळत असतात. काठी हातात देऊन त्यांनी काकांना कावळे हाकायला बसवलंय.