देणगी द्या, पण पावती नीट बघून घ्या

दादर स्टेशनबाहेर कोणी लॅमिनेट केलेला फोटो दाखवून पैसे मागितले की आपण दहा-वीस काढतो, ठीके, पण मोठी रक्कम द्यायची असेल तर आधी इन्कम टॅक्सच्या साइटवर संस्थेचं ८०जी रजिस्ट्रेशन (म्हणजे तिला दिलेली देणगी पूर्ण किंवा काही प्रमाणात करपात्र उत्पन्नातून वजा करता येते) आहे का ते बघा, आणि जमलं तर एकदा जाऊन काम बघून या, लोकलने तासाभराचा तर प्रश्न असतो.

२०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या रिटर्नसाठी सांगतो. ८०जीची सूट फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये, नवीन घेतली असेल तर विसरा. कॅश २००० च्या वर दिलीत तर सूट शून्य, म्हणून यूपीआय नाहीतर चेक. कपडे, धान्य, जुना लॅपटॉप दिलात तर पुण्य मिळेल, सूट नाही. मुख्यमंत्री सहायता निधीला १००% सूट, बहुतेक एनजीओंना ५०%, तीही साधारणपणे उत्पन्नाच्या १०% मर्यादेत. आणि गणपतीची वर्गणी... मंडळाकडे ८०जी नसेल तर ती पावती फ्रिजवरच लावा!

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: नुसती पावती पुरत नाही, संस्थेकडून फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं सर्टिफिकेट, मागून घ्या, तो संस्थेने ३१ मेपर्यंत द्यायचा असतो. माझा एकदा पॅनच चुकीचा टाकलेला, मग जूनभर फोन करत बसलो. त्यामुळे पैसे देतानाच पॅन लिहून द्या, फॉर्म आला की नाव, पॅन, रक्कम ताडून बघा आणि बँक स्टेटमेंटसोबत एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा.