कोरफड लावून चेहरा खाजतोय? या चुका टाळा

चैत्र लागला की जळगाव-भुसावळकडे ऊन पंचेचाळीस अंशांकडे सरकतं आणि गच्चीवरच्या कुंडीतली कोरफड एकदम कामाची होते. पान तोडलं, चिरलं, चेहऱ्यावर घासलं, झालं! अर्ध्या तासात गाल लाल होतात आणि शेजारीण विचारते, ''तोंडले काय व्हयनं?'' दोष झाडाला मिळतो, चूक मात्र बहुतेक वेळा चिरण्यात असते.

पान तोडल्यावर कापलेल्या टोकातून पिवळसर, कडू, उग्र वासाचा चीक येतो. तो गर नव्हे. सालीच्या लगेच खाली असलेल्या या चिकात अलोइन नावाचं कडू द्रव्य असतं. हाच चीक वाळवून काळा बोळ करतात, जो पोट साफ करायला वापरला जातो. चेहऱ्यावर त्याचं काही काम नाही. म्हणून पान बुडाशी कापा, कापलेली बाजू खाली करून पेल्यात दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. पेल्याच्या तळाशी पिवळं पाणी जमलेलं दिसेल. मग पान धुवा, काटेरी कडा काढा, साल जरा जाडच सोला. साल पातळ काढून गर वाचवायची काटकसर इथे नडते, कारण हिरव्या सालीलगतच्या थरात चीक उरतो. उरलेला पारदर्शक गर पुन्हा एकदा पाण्यातून काढा. बोटाला पिवळा डाग लागत नसेल तर तो वापरण्याजोगा झाला.

त्याआधी झाड कोरफडीचंच आहे ना, तेही बघा. शेताच्या बांधावरची घायपात लांबून तशीच दिसते. तिच्या पानाच्या टोकाला सुईसारखा कडक काटा असतो, आणि पान मोडलं तर आतून दोर वळण्याचे धागे निघतात. तिच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अंगाला लागले की आग आग होते.

दुसरा घोळ लिंबाचा. ''टॅन जातं'' म्हणून कोरफडीत लिंबू पिळायचं आणि तसंच उन्हात बाहेर पडायचं. लिंबाच्या रसातल्या काही घटकांवर ऊन पडलं की त्वचा भाजते, फोड येतात, आणि नंतर काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत. टॅन घालवायला निघालेल्या माणसाला हे नको असतं. नुसती कोरफड लावली म्हणजे ऊन अडलं, असंही समजू नका. गर उन्हाने तापलेली त्वचा थंड करतो, ऊन थोपवत नाही. रुमाल, टोपी, सनस्क्रीन लागेलच.

काहींची तक्रार असते की लावल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो. गरात जवळपास ९९ टक्के पाणी असतं. आपल्याकडच्या कोरड्या, गरम हवेत ते उडून जातं. पाच-दहा मिनिटांनी धुऊन टाका आणि त्वचा ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लावा.

एकदम डबाभर गर काढून ठेवू नका. घरच्या गरात टिकवणारं काही नसतं. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठीक, पण भारनियमनाच्या दिवसांत तेवढाही भरवसा नको. गुलाबी-तपकिरी झाला किंवा आंबूस वास आला की फेकाच. बाजारातल्या हिरव्यागार जेलला भुलू नका, खरा गर बिनरंगाचा असतो. डबीमागच्या घटकांच्या यादीत कोरफड कितव्या नंबरला आहे ते वाचा.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस थांबा. खोल जखम, टाके किंवा पू झालेल्या जागी लावूच नका. खाज सुटलीच असेल तर गार पाण्याने धुवा, चोळू नका, वर हळद-बेसन थापू नका. सूज किंवा फोड आले, डोळ्याजवळ आग होत असली, तर सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना काय लावलं होतं तेही सांगा.