तोड्याच्या बंदुकीची सागवानी प्रतिकृती

लाकूड उन्हाळ्यातच घ्या. एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या लकडगंजातल्या वखारी हिंडून आतपर्यंत वाळलेली सागवानी फळी शोधायची. पाच फूट लांब, चार इंच रुंद, दोन इंच जाड. एखाद्या पाडलेल्या वाड्याची चौकट किंवा तुळई मिळाली तर सोन्याहून पिवळं. मी पहिल्यांदा भर पावसाळ्यात घाईनं फळी आणली, तीन महिने राबून दस्ता, म्हणजे नळी बसते तो बंदुकीचा लाकडी भाग, केला, आणि पुढच्या मे महिन्यात तो धनुष्यासारखा वाकला. आता फळी घरी आली की दोन्ही टोकांना मेण लावतो आणि वर्षभर माळ्यावर ठेवतो. एक पावसाळा आणि एक नागपुरी उन्हाळा सोसूनही जी सरळ राहते, तिलाच हत्यार लावायचं.

तोड्याची बंदूक म्हणजे आपल्याकडची जुनी ठासणीची बंदूक. दारू आणि गोळी तोंडातून गजानं ठासायची आणि शोऱ्यात भिजवलेल्या सुती दोरीच्या विस्तवानं रंजक, म्हणजे नळीच्या कानाशी ठेवलेली चिमूटभर दारू, पेटवायची. ती दोरी म्हणजे तोडा. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या बाजूनं अरब लढले, त्यांच्या हाती अशाच बंदुका होत्या. म्हणून मला ही बंदूक घरात हवी होती.

आपण करतो ती न उडणारी. परवान्याशिवाय बंदूक बनवणं शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 प्रमाणे गुन्हा आहे. खोट्या बंदुकीची खरी करायलाही कलम 6 प्रमाणे परवाना लागतो. तेव्हा नळीसाठी पाइप अजिबात नको. पावणेचार फुटांचा भरीव लाकडी दांडा घ्या, मागे सव्वा इंच जाड, तोंडाशी एक इंच. तोंडात पाऊण इंच खोल खळगा कोरून आत काळा रंग भरा. चार पावलांवरून नळी पोकळच वाटते.

आकारासाठी आधी अजब बंगल्यात जा. 1863 पासूनचं हे संग्रहालय आपल्या गावात आहे, तिथल्या शस्त्रांच्या दालनात निवांत उभे राहा. बहुतेक लोक दस्त्याला विलायती बंदुकीसारखा खाली झुकलेला, रुंद कुंदा, म्हणजे मागचं टोक, देतात आणि तिथेच सगळं बिघडतं. आपल्याकडच्या बंदुकीचा दस्ता जवळजवळ सरळ आणि सडपातळ असतो. मागून पाहिलं तर कुंदा पाच बाजूंचा दिसतो. मला त्या पाच कडा सारख्या उतरवायला आठ रविवार लागले, आणि त्यांतला एकही वाया गेला असं वाटत नाही.

कामाचा क्रम मोडू नका: आधी नळीची खाच, मग बाहेरचा आकार. फळी चौकोनी असते तोवरच शिकंज्यात घट्ट बसते. खाच गोल पटाशीनं, दांड्याच्या निम्म्या जाडीएवढी खोल. दांड्याला खालून काजळ फासा, खाचेत अलगद दाबा, उचला. जिथे काळं उमटलं तिथे लाकूड उंच आहे, तेवढंच खरवडा. पुन्हा काजळ, पुन्हा दाबा. सुरुवातीला दोन-तीनच ठिपके दिसतात. ते वाढत वाढत सगळी खाच एकसारखी काळी होते, तेव्हा थांबायचं. माझ्या वडिलांनी चौकटी अशाच बसवल्या, घाई त्यांना खपत नसे.

त्यानंतर करवत, रंधा आणि कानस लावून दस्ता उतरवा. चाप आणि तोडा धरणारा घोडा पितळी पत्र्यातून कापा. घोडा दस्त्यातल्या फटीतून वर यायला हवा, बाजूला चिकटवलेला नको. नळी बांधायला कच्च्या कातड्याची वादी रात्रभर भिजवून चार ठिकाणी ओढून गुंडाळा. वाळली की ती आवळते आणि खिळा लागत नाही.

शेवटी जवसाचं तेल, आपल्या विदर्भातलंच. तळहातानं चोळून पातळ थर द्या, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून घ्या. ती तेलाची फडकी कधीच बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना जवस तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी तारेवर सुटी पसरा नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा. एक थर पुरता वाळल्यावरच दुसरा द्या, असे पाच. मे महिन्यात थर चार-पाच दिवसांत वाळतो. पावसाळ्यात पंधरवडा बोटाला चिकटतो.