गेम अडखळतोय? डेनुवोला शिव्या घालण्याआधी हे तपासा

गेम विकत घ्यायचा, साठ-सत्तर जीबी रात्रभर उतरवायचा आणि पहिल्याच मारामारीत चित्र गचके खायला लागायचं. लगेच नाव घेतलं जातं ते डेनुवोचं, म्हणजे गेमची चोरटी प्रत निघू नये म्हणून लावलेल्या कॉपी प्रोटेक्शनचं. राग रास्त आहे. पैसे मोजणाऱ्याच्या मशीनवर पहारा आणि फुकट्याला मोकळं रान, हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच प्रकार. तरीही दर गचक्यामागे कॉपी प्रोटेक्शनच असतं असं नाही. रॅमची एकुलती एक पट्टी, मे महिन्यातली बंद खोली, मदरबोर्डवरचा मेलेला सेल, यांतल्या कशानेही हुबेहूब तेच लक्षण दिसतं. म्हणून आधी मोजा, मग मशीन नीट करा, आणि त्यानंतरही गचका उरला तर प्रोटेक्शनकडे बोट दाखवा.

मोजायचं कसं

एफपीएसची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची, सरासरी इथे कामाची नाही. सरासरी ७५ दिसत असतानाही गेम खेळवत नाही, कारण गचका सरासरीत विरघळून जातो. बघायचा तो फ्रेमटाइम, म्हणजे एक फ्रेम तयार व्हायला लागलेला वेळ. ६० एफपीएसला तो १६.७ मिलिसेकंद असतो, १४४ ला ६.९. मध्येच एखादी फ्रेम ८०-१०० मिलिसेकंदांची आली की डोळ्याला ठेच लागते.

मोजणीसाठी इंटेलचं प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स हे सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही फुकट आहेत. एमएसआय आफ्टरबर्नर घेणार असाल तर एमएसआयच्याच साइटवरून घ्या. त्याच्या नावाने बनावट साइट निघाल्याचा इशारा कंपनीनेच २०२१ मध्ये दिला होता. आता गर्दीची किंवा लढाईची जागा असलेला एक सेव्ह निवडा आणि तीच ६० सेकंदांची वाट तीनदा चाला. पहिली फेरी हिशेबात धरू नका, तेव्हा शेडर (चित्र रंगवण्यासाठी ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात. उरलेल्या दोन फेऱ्यांची सरासरी, १% लो (सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचा एफपीएस) आणि फ्रेमटाइमचा आलेख जपून ठेवा. स्क्रीनवर ग्राफिक्स कार्डाचा वापर, सीपीयूचा प्रत्येक कोर वेगळा, व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) आणि तापमान हे चार आकडे लावून ठेवा.

ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर आणि एफपीएस कमी, तर कार्डाची ताकद संपली आहे. प्रोटेक्शनचं काम सीपीयूवर चालतं, त्याचा इथे संबंध नाही. रिझोल्यूशन उतरवा, गेमच्या सेटिंग्जमध्ये डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून कार्डाचा भार हलका करणारी सोय) लावा. गचका एखाद्या जागी फक्त पहिल्यांदाच येतो आणि दुसऱ्या फेरीत गायब होतो, तर तो शेडरचा. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की शेडर पुन्हा तयार करावे लागतात, म्हणून अपडेटनंतरच्या पहिल्या संध्याकाळी कुठलाही निकाल देऊ नका. व्हीरॅम काठोकाठ भरली असेल तर टेक्श्चर एक पायरी खाली. गचका ठरावीक सेकंदांनी, घड्याळ लावल्यासारखा येत असेल तर मागे चालू असलेला प्रोग्राम शोधा. आरजीबी दिव्यांचे सॉफ्टवेअर आणि दर सेकंदाला सेन्सर वाचणारी साधनं यात पटाईत असतात.

आणि गेम पहिली दहा-पंधरा मिनिटं सुरळीत चालून मग ढेपाळत असेल तर उष्णता बघा. प्रोटेक्शन पंधरा मिनिटांनी दमत नाही.

मुंबईतली खोली आणि मशीन

परदेशी रिव्ह्यूंमधले तापमानाचे आकडे २१-२२ अंशांच्या खोलीतले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत सहज ३२-३३ असतात, म्हणजे तेवढे दहा अंश आधीच डोक्यावर. त्यात कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या लाकडी कप्प्यात कोंबलेलं असेल तर गरम हवा तिथेच फिरत राहते. रायझन ५००० मालिकेची मर्यादा चिपनुसार ९० ते ९५ अंश, ७००० च्या बहुतेक चिपची ९५, इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप चिपची १००. तिथे पोचलं की चिप स्वतःच वेग कमी करते. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सर दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून वीस मिनिटं खेळा आणि सीपीयूचा क्लॉक, म्हणजे वेग, पडतोय का ते बघा. पडत असेल तर कॅबिनेट कप्प्याबाहेर काढा, जाळ्या धुऊन पूर्ण वाळवा, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, आणि दोन-तीन वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट बदला.

मग टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे मेमरी. दोन गोष्टी वाचायच्या: किती स्लॉट वापरात आहेत आणि वेग किती आहे. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर तेवढीच दुसरी घ्या; सीपीयूवर अडणाऱ्या गेममध्ये १% लो मधला फरक डोळ्याला दिसतो. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या सहसा सीपीयूकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. खोक्यावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ टास्क मॅनेजरमध्ये २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सोय, बंद आहे. एएमडीच्या नव्या बोर्डांवर त्याच सोयीला एक्सपो म्हणतात. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून मशीन जोडून आणताना हे काउंटरवरच बघून घ्या. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी घाईत उचललेलं मशीन सोमवारपर्यंत तसंच राहतं. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी रॅमचे सोनेरी संपर्क वर्षातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. खोडरबर घासायची सवय सोडा. चुरा स्लॉटमध्ये जाऊन बसतो.

पन्नास-शंभर रुपयांचा सेल

यावर थोडं थांबू या, कारण एकाच कारणातून दोन तक्रारी निघतात आणि दोन्हींचं खापर डेनुवोवर फुटतं.

आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायची सवय असते. मग मदरबोर्डचं घड्याळ सीआर२०३२ या गोल सेलवर चालतं. चार-पाच वर्षांनी सेल मेला की सकाळी तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. तारीख चुकली की सर्व्हरची सुरक्षा प्रमाणपत्रं विंडोजला अवैध वाटतात, जोडणी होत नाही, आणि गेम ॲक्टिव्हेशन झालं नाही म्हणून बंद पडतो. त्याच वेळी बऱ्याच बोर्डांवर बायोसच्या सेटिंग्जही मूळपदावर जातात. एक्सएमपी उडतं आणि ३२०० ची रॅम २१३३ वर धावू लागते. म्हणजे गेम उघडतही नाही आणि उघडला तर अडखळतो.

सेल बदलायचा तर आधी बायोसच्या सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो काढा. मशीन बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. बऱ्याच बोर्डांवर सेल ग्राफिक्स कार्डाखाली असतो, तेव्हा कार्ड आधी काढावं लागतं. स्लॉटच्या टोकाची खिटी दाबल्याशिवाय ओढू नका. सेलच्या बाजूची पत्री नखाने मागे सारली की तो वर उडतो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर. चालू केल्यावर बायोसमध्ये तारीख, एक्सएमपी आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) या तिन्ही गोष्टी पुन्हा लावा, आणि विंडोजच्या तारीख-वेळेच्या पानावर टाइम झोन अधिक ५:३० ठेवून ‘सिंक नाऊ’ दाबा.

प्रोटेक्शन नेमकं कुठे अडवतं

डेनुवो ही ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गची कंपनी, २०१८ पासून इर्डेटोच्या मालकीची. तिचं संरक्षण पहिल्यांदा २०१४ च्या फिफा १५ मध्ये आलं. गेममधली काही फंक्शन उचलून ती एका आभासी यंत्राच्या गुंतागुंतीच्या सूचनांमध्ये बदलली जातात आणि तुमच्या हार्डवेअरशी बांधलेल्या टोकनशिवाय, म्हणजे ॲक्टिव्हेशनच्या वेळी सर्व्हरकडून मिळणाऱ्या परवान्याशिवाय, ती चालत नाहीत. अशी फंक्शन मूळपेक्षा कितीतरी हळू चालतात. ती कुठली निवडली यावर सगळं अवलंबून. लेव्हल उघडताना एकदा चालणारं फंक्शन असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. दर फ्रेमला किंवा दर गोळीला चालणारं असेल तर गचका ठरलेला. म्हणूनच एकच प्रोटेक्शन एका गेममध्ये निरुपद्रवी आणि दुसऱ्यात डोकेदुखी ठरतं.

उदाहरण हवं तर २०२१ चा रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज. शत्रूंशी झटापट करताना तो पीसीवर अडखळायचा, आणि प्रोटेक्शन काढलेली चोरटी प्रत मात्र सुरळीत चालायची. जुलै २०२१ मध्ये कॅपकॉमने पॅच काढला आणि त्याच्या टिपणात चोरीविरोधी तंत्रात फेरफार केल्याचं स्वतःच लिहिलं. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने जुन्या रेसिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्समध्ये नवं प्रोटेक्शन घातलं, तक्रारींचा पाऊस पडला आणि अपडेट मागे घ्यावी लागली.

संशय घ्यावा असं लक्षण एकच: ठरावीक कृतीला, तिसऱ्या-चौथ्या वेळीही, सगळी सेटिंग्ज खाली आणूनही तेवढाच गचका, आणि त्या क्षणी ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलेलं. तरी हा पुरावा झाला नाही, कारण गेमच्या स्वतःच्या कोडमधली चूकही अशीच दिसते. खरी तुलना होते ती कंपनी प्रोटेक्शन काढून टाकते तेव्हा. स्टीमडीबी (स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या बदलांच्या नोंदी ठेवणारी साइट) आणि पीसीगेमिंगविकीवर तशी नोंद मिळते. पॅच येण्याआधीचे आकडे जपले असतील तर तीच वाट पुन्हा चालून फरक मांडता येतो. क्रॅक, म्हणजे प्रोटेक्शन तोडलेली चोरटी फाइल, लावून बघण्याचा सल्ला देणारे भेटतील. अँटिव्हायरस बंद करून अनोळखी माणसाची एक्सई चालवायची, त्याच मशीनवर आपलं यूपीआय आणि नेटबँकिंग. शिवाय क्रॅकची आवृत्ती बहुधा जुनी, म्हणजे तुलनाही वाकडीच.

अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन खेळात फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, हा वेगळा प्राणी आहे. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजबरोबरच सुरू होतं आणि विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट लागतं. विंडोजमधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा सोय बंद केल्याने वेग वाढू शकतो हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केलंय, पण त्याने संरक्षण कमी होतं आणि काही अँटी-चीट रुसतात. चार फ्रेमसाठी तो खटाटोप करू नये.

ॲक्टिव्हेशन अडलं तर

तारीख बघून झाली असेल तर व्हीपीएन बंद करा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून गेम उघडा. तिथे चालला तर दोष तुमच्या केबलवाल्याच्या जोडणीत. राउटरमध्ये डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून बघा. नाही चालला तर स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि तिथून फाइलींची पडताळणी. अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये गेमची एक्सई अडकली आहे का तेही बघा.

डेनुवोच्या बऱ्याच गेमना एका दिवसात पाच वेगवेगळ्या मशीनांची मर्यादा असते. सीपीयू बदलून बघणं किंवा लिनक्सवर प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आवृत्त्या पालटणं हेही नवं मशीन धरलं जातं. कुलूप लागलं तर २४ तास थांबणं हाच इलाज. आणि सगळं करूनही काही होत नसेल तर बिघाड त्यांच्याकडेही असू शकतो: नोव्हेंबर २०२१ मध्ये डेनुवोच्या एका डोमेनची मुदत संपली आणि विकत घेतलेले कित्येक गेम काही काळ उघडेनात.

माळ्यावरच्या जुन्या सीड्यांचं मात्र अवघड आहे. सेफडिस्क आणि जुन्या सेक्युरॉम या सीडीवरच्या कॉपी प्रोटेक्शनचे गेम विंडोज १० पासून चालत नाहीत, कारण सुरक्षेच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हरच काढून टाकला. तो कुठून तरी उतरवून बसवू नका. जीओजी या ऑनलाइन दुकानात तोच गेम प्रोटेक्शनशिवाय मिळत असेल तर सवलतीच्या सेलमध्ये घ्या.

घेताना

स्टीमच्या पानावर उजवीकडे तिसऱ्या कंपनीच्या डीआरएमची (कॉपी प्रोटेक्शनची) आणि मशीनमर्यादेची पट्टी असते, ती वाचा. परतावा १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच. गेम उघडल्यापासून घड्याळ चालू होतं, शेडर तयार होण्याची वाटही त्यातच मोजली जाते. पहिल्या तासात कथा बाजूला ठेवा, सर्वांत गर्दीच्या जागी जा आणि वर सांगितलेली मोजणी उरका.

गणपतीला गावी नेताना

लॅपटॉप घेऊन कोकणात जाणाऱ्यांची फसगत इथे होते: घरी चालणारा गेम रेंज नसलेल्या वाडीत उघडत नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी विंडोज आणि गेम दोन्हींची अपडेट उरकून घ्या, मग विंडोज अपडेट आठवडाभर थांबवा. अपडेटनंतर टोकन पुन्हा घ्यावं लागू शकतं, म्हणून हा क्रम उलटा करू नका. प्रत्येक गेम ऑनलाइन असताना एकदा उघडून मेनूपर्यंत न्या. युबिसॉफ्ट किंवा ईएचा वेगळा लाँचर असेल तर त्यातही लॉगिन करून ठेवा. स्टीममध्ये त्या गेमची अपडेट ‘खेळायला घेईन तेव्हाच’ वर ठेवा आणि स्टीम ऑफलाइन करा. आता वायफाय बंद, लॅपटॉप रीस्टार्ट, आणि गेम उघडून पाहा. ही चाचणी घरीच करा, दादर किंवा ठाण्याच्या फलाटावर नाही.

तरी गावात टोकन मागितलंच तर रेंजची एक काडी मिळेल अशा ठिकाणी मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. ॲक्टिव्हेशनला डेटा फार लागत नाही. मात्र हॉटस्पॉट जोडताच विंडोजमध्ये तो मीटर्ड (मोजका डेटा असलेला) म्हणून नोंदवा आणि स्टीमची डाउनलोड थांबवा, नाहीतर दिवसाचा दोन जीबी दुसऱ्याच गेमच्या अपडेटमध्ये संपतो.