अरबी ऊदच्या रचना युरोपीय ल्यूटवर कशा बसवाव्यात

ऊद आणि ल्यूट ही दोन्ही छेडून वाजवायची तंतुवाद्यं. ऊदच्या दांडीवर पडदे नसतात, ल्यूटवर बांधलेले असतात. म्हणून बहुतेक जण आधी पडद्यांकडे वळतात. आमचा आग्रह आहे की आधी तारा जुळवा, कारण तिथलं काम वाटतं त्यापेक्षा फार थोडं आहे.

अरबी ऊदची प्रचलित जुळवणी खर्जाकडून वर सी, एफ, ए, डी, जी, सी अशी असते. सहा जोडांच्या (जोड म्हणजे शेजारी बसवून एकत्र छेडायच्या दोन तारा) रेनेसाँ ल्यूटची जुळवणी जी, सी, एफ, ए, डी, जी. ऊदची प्रत्येक तार एका पंचमाने वर नेली की जी, सी, ई, ए, डी, जी मिळतात. फरक उरला तो एकाच जोडाचा. बारीक तारेकडून मोजून चौथा जोड एफवरून अर्ध्या स्वराने ई वर उतरवा, म्हणजे ऊदवर बोटं जिथे पडतात तिथेच ल्यूटवरही पडतील. अर्धा स्वर उतरवल्यावर ताण सुमारे ११ टक्के घटतो. तार ढिली पडून खडखडली तर व्यासाने साधारण ६ टक्के जाड घ्या, ०.६६ मिमीऐवजी ०.७० मिमी. तुर्की ऊदची जुळवणी आणि स्वरलेखन वेगळं असतं, त्यामुळे हा हिशेब तिथे लावू नका.

ल्यूटच्या खर्जाच्या जोडांत बऱ्याचदा एक तार सप्तकाने वरची असते. ऊदची सुरावट वारंवार खाली उतरते, आणि तिथे ही वरची तार मध्येच टोचते. चौथ्या आणि पाचव्या जोडात दोन्ही तारा एकाच स्वराच्या लावा. सहाव्यातली वरची तार काढूनच टाका, ऊदचीही सर्वांत खालची तार बहुधा एकटीच असते.

आता पडदे. रास्त आणि बयाती हे अरबी मकाम, म्हणजे रागासारख्या स्वरचौकटी. सीवरचा रास्त पंचमाने वर नेला की जीवर येतो: जी, ए, बी अर्धकोमल (चतुर्थांश स्वर उतरलेला), सी, डी, ई, एफ अर्धतीव्र (चतुर्थांश स्वर चढलेला). डीवरचा बयाती एवर येतो: ए, बी अर्धकोमल, सी, डी, ई, एफ, जी. दोन्हींसाठी दोनच पडदे हलवायचे. पहिला १०० सेंटवरून (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर) १५० वर न्या, चौथा ४०० वरून ३५० वर आणा. ६०० मिमी तारेच्या ल्यूटवर अटीपासून (खुंट्यांकडच्या टोकाची पट्टी) मोजलं तर पहिला पडदा ३३.७ वरून ४९.८ मिमीवर जातो, चौथा १२३.८ वरून १०९.८ मिमीवर येतो. दुसरा, तिसरा, पाचवा जागचे हलवू नका.

आता तिसऱ्या जोडाच्या पहिल्या पडद्यावर आणि पहिल्या जोडाच्या चौथ्यावर बी अर्धकोमल मिळतो. दुसऱ्या जोडाच्या चौथ्यावर एफ अर्धतीव्र मिळतो, आणि चौथ्या जोडाच्या पहिल्यावर त्याचाच खालच्या सप्तकातला स्वर. चौथ्या जोडावरचा शुद्ध एफ मात्र जातो, तो पाचव्या जोडाच्या पाचव्या पडद्यावर घ्या. रास्त उतरताना एफ बऱ्याचदा शुद्ध लागतो, म्हणून ही जागा आधीच बोटांत बसवून ठेवा.

आकडे ही फक्त सुरुवात. बयातीतला अर्धकोमल रास्तमधल्यापेक्षा किंचित खाली लागतो. इथे तिसऱ्या जोडावरचा बयातीचा स्वर पहिल्या पडद्यावर आणि पहिल्या जोडावरचा रास्तचा स्वर चौथ्या पडद्यावर पडतो, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे लावता येतात. चांगल्या गायकाचं ध्वनिमुद्रण ऐकत पहिला पडदा अटीकडे आणि चौथा घोडीकडे एक-दीड मिलिमीटर सरकवून बघा. रास्तचा गोडवा याच फरकात आहे, तेव्हा इथे घाई नको.

ल्यूटची दांडी घोडीकडे रुंद होत जाते. त्यामुळे अटीकडे ओढलेला चौथा पडदा ढिला पडतो आणि वाजवताना सरकतो. तो सोडून नव्याने बांधा. आता तो तिसऱ्यापासून फक्त १४ मिमीवर आहे, म्हणून तिसऱ्यापेक्षा निदान ०.०५ मिमी पातळ हवा. नाहीतर तिसऱ्यावर दाबलेली तार त्याला घासून किणकिणते.

नहावंद आणि हिजाझ या मकामांना मूळचेच पडदे लागतात. रचना रास्तमधून हिजाझमध्ये जात असेल तर पडदे हलवू नका. तिसऱ्या-चौथ्या जोडाखाली १५० सेंटवर आणि पहिल्या-दुसऱ्याखाली ३५० वर बांबूची बारीक काडी दुहेरी चिकटपट्टीने लावा. तिची उंची पुढच्या पडद्याएवढी ठेवून तपासा. आवाज फुटला तर घासून कमी करा.

उजव्या हाताला रीशाचा (ऊद वाजवायची लांब नखी) खालचा आघात जड आणि वरचा हलका असतो. जोरकस मात्रेवर अंगठा, हलक्यावर तर्जनी अशी ल्यूटची जुनी अदलाबदल त्याला नेमकी बसते. लांब स्वर मात्र अडचणीचा आहे. रीशाचा जलद कंप बोटांनी दुहेरी तारांवर साधत नाही, नुसती खरखर होते. त्याऐवजी तर्जनीने स्वर पुन्हा छेडत राहा आणि मधल्या जागांत अंगठ्याने मोकळी खर्जाची तार वाजवा. ऊदवादकही हे करतात.

मींड पडद्यांवर पायऱ्यापायऱ्यांनी ऐकू येते, म्हणून ती सोडून द्या. वर जाताना बोट आपटून आणि उतरताना बोट ओढून स्वर जोडा. तार बाजूला ओढून चतुर्थांश स्वर काढायचा प्रयत्न केला तर जोडातल्या दोन तारा सारख्या ताणल्या जात नाहीत आणि स्वर बेसूर होतो.

ल्यूटवर साथीला स्वरसंघात (कॉर्ड) भरायचा मोह होतो. रास्तमध्ये तिसरा स्वर संघातात घालू नका, त्याचं मधलेपण तिथे चुकीचं वाटतं. मोकळी जी आणि गरजेपुरती डी पुरे, बयातीत मोकळी ए. समाई या रचनाप्रकाराच्या १० मात्रांत दुम (खर्जाचा ठोका) १, ६ आणि ७ वर पडतो, तक (टीपेचा ठोका) ४ आणि ८ वर. खर्ज फक्त दुमवर द्या.

लिहिताना फ्रेंच टॅब्लेचर घ्या. त्यात अक्षर पडदा सांगतं, स्वर नाही, त्यामुळे सरकवलेल्या पहिल्या पडद्याचं अक्षर 'बी' आपोआप बरोबर वाजतं. पानाच्या माथ्यावर चौथ्या जोडाची जुळवणी आणि दोन्ही पडद्यांच्या जागा मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, शेजारी तारेची लांबीही. पहिली रचना नहावंदमधला एखादा लाँगा (जलद वाद्यरचना) असू द्या. त्याला पडदे हलवावे लागत नाहीत, आणि ई वर उतरवलेल्या चौथ्या जोडाची सवय तेवढ्यात होते.