जमिनीतला कर्ब आणि नत्र: रॉथ-सी मॉडेल चालवताना

रॉथ-सी हे जमिनीतला सेंद्रिय कर्ब काळानुसार कसा बदलतो याचा अंदाज देणारं संगणकीय मॉडेल. त्याची उत्तरं फसतात ती बहुतेक वेळा सुरुवातीच्या आकड्यांमुळे. म्हणून कर्बाचा साठा आधी नीट मोजा. सेंद्रिय कर्बाची टक्केवारी × स्थूल घनता (पोकळ्यांसकट कोरड्या मातीची घनता, ग्रॅम प्रति घन सेंमी) × खोली (सेंमी) म्हणजे टन प्रति हेक्टर. ०.६ × १.३ × ३० = २३.४ टन. घनता पुस्तकातून उचलू नका, नळीने नमुना काढून मोजा. दगडगोटे असतील तर त्यांचं आकारमान वजा करा. वॉकली-ब्लॅक या रासायनिक मोजणीच्या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कर्ब सापडतो. प्रयोगशाळेने १.३ चा गुणक लावला आहे का, ते विचारा. नाहीतर तो एकदाही लागत नाही किंवा दोनदा लागतो. चुनखडीच्या जमिनीत ज्वलन पद्धत वापरायची तर कार्बोनेट आधी आम्लाने काढा.

रॉथ-सी हा साठा पाच भागांत वाटतं. चार कुजतात: लवकर कुजणारे अवशेष, सावकाश कुजणारे अवशेष, सूक्ष्मजीव आणि ह्यूमस, त्यांचे कुजण्याचे वार्षिक दर-स्थिरांक अनुक्रमे १०, ०.३, ०.६६ आणि ०.०२. पाचवा निष्क्रिय: ०.०४९ × साठा^१.१३९, वरच्या उदाहरणात सुमारे १.८ टन.

दरमहा तापमान, पाऊस, बाष्पीभवन, जमीन झाकलेली की उघडी, अवशेष आणि शेणखत, शिवाय चिकणमातीचं प्रमाण भरा. सरासरी हवामानावर मॉडेल स्थिरावेपर्यंत चालवा आणि मोजलेला साठा जुळेपर्यंत वार्षिक कर्बपुरवठा बदला. इथे गफलत होते: नुकतीच मोडलेली कुरणाची जमीन स्थिर नसतेच. तिथे आधी कुरण धरून स्थिर करा, मग लागवडीची वर्षं चालवा. पाणी साचलेल्या भातखाचरासाठी मूळ मॉडेल वापरू नका.

नत्राचा हिशेब रॉथ-सी करत नाही, तो वेगळा मांडावा लागतो. ४ टन कोरडं काड घ्या: कर्ब १,८०० किलो, नत्र ०.५ टक्के म्हणजे २० किलो. त्यातला एक तृतीयांश कुजला, ६०० किलो. सूक्ष्मजीवांनी ४० टक्के कर्ब अंगात घेतला, २४० किलो. त्यांचं कर्ब-नत्र गुणोत्तर ८ धरलं तर ३० किलो नत्र लागतं. काडातून मिळतं जेमतेम ७. उरलेलं २३ किलो जमिनीतून ओढलं जातं आणि पीक पिवळं पडतं. ८ ÷ ०.४ = २०, म्हणून कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या खाली असलेला पालाच लगेच नत्र सोडतो.

पडताळणीसाठी जुळवणीत न वापरलेले नमुने ठेवा, तेही त्याच खोलीचे आणि त्याच हंगामातले.