युद्धनौकेचे दार आणि भुसावळचा उन्हाळा

१९९७ साली नौदलातून निवृत्त झालेली विमानवाहू नौका विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून २०१२ पर्यंतच टिकली आणि पुढे भंगारात गेली, याची हळहळ मला आजही वाटते. त्यामुळे एका माजी नौसैनिक मित्राने मुंबईतल्या दारूखाना या जहाजे तोडण्याच्या भागातून एका जुन्या युद्धनौकेचे जलरोधक पोलादी दार भुसावळला आणले, तेव्हा शाळेच्या संग्रहखोलीसाठी ते दुरुस्त करण्याचे काम मी, रेल्वेतला निवृत्त फिटर, आनंदाने अंगावर घेतले.

दार दाबून धरणाऱ्या आठ दांड्यांपैकी तीन हलत नव्हते. मी आधी हातोडा चालवला आणि एक दांडा वाकवला. ती माझी चूक होती. पोलादी दांडा पितळी बुशीत, म्हणजे नळीसारख्या अस्तरात, फिरतो, खाऱ्या पाण्यात या दोन धातूंची गाठ पडली की पोलाद झिजते, आणि गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने फट बुजते. तापल्यावर पितळ पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते; म्हणून चार दिवस राकेल मुरवले, ते पूर्ण पुसून वाळवले, मग बाहेरून फक्त पितळ शेकत दांडा पान्याने केसभर पुढेमागे हलवत राहिलो. शेकायला लागल्यापासून तिसऱ्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, करकर आवाज होऊन तपकिरी पूड गळली.

“फिरला रे भो!” मित्र ओरडला.

दाराच्या कडेने पाणी अडवणाऱ्या रबरी पट्टीवर कुणीतरी मारलेला रंग खरवडला. चौकटीच्या कडेला खडू घासून दार लावले, तेव्हा पट्टीवर उमटलेली खडूची रेघ खालच्या बिजागरीपाशी चार बोटे तुटलेली दिसली; म्हणजे तिथे पट्टी चौकटीला टेकत नव्हती. तेवढी पट्टी बदलायची आहे.